गोधडी पोस्टाने, रायफल दुकानातून

हे बघ, सगळ्यांत आधी त्या गाइडला चोर म्हणणं बंद कर. काल फोनवर तू दोनदा म्हणालीस, आणि मागून तुझ्या नवरोबांनी री ओढली. मेसेजला उत्तर नाही म्हणजे माणसाने सामान ढापलं, असं डॅलसमध्ये बसून वाटणारच. पण तो आहे कुठे, याचा जरा विचार कर. तुम्ही वायोमिंगमधल्या कोडीहून साउथ फोर्कच्या वाटेने घोड्यावर बसून ज्या थरोफेअर खोऱ्यात गेलात, ती जागा अलास्का सोडता अमेरिकेत गाडीरस्त्यापासून सगळ्यांत लांबची मानली जाते. तिथे मोबाइल लागत नाही. बर्फाच्या भीतीने तुम्ही एक दिवस आधी खाली उतरलात, दुसऱ्या शिकाऱ्याच्या गाडीतून विमानतळ गाठलात. तुमच्या पिशव्या खेचरांवर होत्या आणि रायफल शिकारीची सहल नेणाऱ्या आउटफिटरच्या ट्रकमध्ये. सामान मागाहून खाली आलं असणार आणि गाइड पुढच्या पाहुण्यांना घेऊन परत वर गेला असणार. एवढीच गोष्ट आहे.

मी इथे मोंटानात काही आउटफिटरांचे हिशोब लिहिते, हे तुला ठाऊक आहे. नोव्हेंबरात त्यांच्या कोठारात गेलं की एका भिंतीला राहिलेल्या सामानाचा ढीग असतो. एकेकटे बूट, ओले मोजे, चार्जर, थर्मास, एकदा तर कुणाची कवळी. नाव सापडलं तर चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवतात, नाही सापडलं तर तसंच पडून राहतं. कुणी ढापत नाही, पण आपणहून पाठवतही नाही. पाठवायचं कुठे, पैसे कोण देणार, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि मोसमाच्या शेवटी त्यांच्या मागे तंबू उतरवायचे, चुली खाली आणायच्या, खेचरांचे नाल बघायचे असा व्याप असतो. जंगल सरकारी, वन विभागाच्या परवान्यावर तळ टाकलेला, त्यामुळे मोसम संपला की सगळं उचलावंच लागतं. तुझे बूट त्यांच्या यादीत कितव्या नंबरवर असतील, तूच सांग.

दुसरं म्हणजे तू चुकीच्या माणसाच्या मागे लागली आहेस. गाइड मोसमापुरता असतो. बर्फ पडला की कुणी स्कीच्या गावाला कामाला जातो, कुणी दक्षिणेकडे ॲरिझोनात शिकारीच्या दुसऱ्या मोसमावर जातो. तुमचा करार झालाय तो आउटफिटरशी. पैसे त्याच्या खात्यात गेले, लायसन्स त्याच्या नावावर आहे, कोठारही त्याचंच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला विल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात एल्कसारख्या मोठ्या जनावराची शिकार परवानाधारक गाइडशिवाय करताच येत नाही (तिथला रहिवासी फुकटचा परवाना काढून तुम्हाला नेऊ शकतो, पण तुमचं तिथे कोण आहे?). म्हणून तर तुम्ही एवढे पैसे मोजलेत. शायेनला या लोकांचं सरकारी बोर्ड आहे, आउटफिटर आणि गाइड दोघांनाही तिथूनच परवाने मिळतात. तेव्हा आउटफिटरला तोंड लपवून चालत नाही. त्याला फोन कर. ईमेल नको, फोनच कर, आणि तोही सकाळी लवकर. ही माणसं पहाटे घोड्यांना चारा घालायला उठतात, रात्री आठला झोपतात.

आता एक नाजूक गोष्ट विचारते, चिडू नकोस. टिप दिली होती का? आपल्याकडच्या मंडळींना वाटतं, एवढे हजारो डॉलर भरले, आता आणखी कसली टिप? पण ते पैसे आउटफिटरचे. गाइड, स्वैपाकी आणि घोडी सांभाळणारी पोरं बरीचशी टिपेवर जगतात. शिकारीच्या एकूण खर्चाच्या १० ते २० टक्के देण्याची इकडे रीत आहे. घाईघाईत निघालात त्यात ते राहून गेलं असेल, तर सामान मागण्याच्या आधी ते पाठव. लाच म्हणून नव्हे, देणं आहे म्हणून. पुढचं बोलणं किती सोपं होतं ते तुझं तुलाच कळेल. स्वैपाक्याला शंकरपाळ्यांचा डबा पाठवलास तरी चालेल, दिवाळीचे उरलेच असतील.

फोनवर पहिलं वाक्य सामानाचं नको. घोडी-खेचरं धड खाली आली का, बर्फ किती पडला, ते विचार. मग सांग की आमचं काही सामान तुमच्याकडे राहिलंय, गैरसोयीबद्दल माफ करा, यादी पाठवते, सगळा खर्च आमचा. आणि मग खरोखर यादी पाठव. 'आमच्या बॅगा' असं मोघम लिहू नकोस. हिरवी पिशवी, तिच्यात काय, बुटांचा नंबर काय, दुर्बिणीवरचा सिरियल नंबर काय, सगळं लिही. दुर्बीण महागाची आहे, तिचं बिल शोधून ठेव. तळावर काढलेल्या फोटोंत सामान कुठे कुठे दिसतंय ते बघ आणि फोटो जोड. कोठारात उभ्या असलेल्या माणसाला फोटोवरून वस्तू दहा मिनिटांत सापडते, शब्दांवरून सापडत नाही.

यादीत सगळ्यांत वर आजीची गोधडी लिही. काल तू रायफलीबद्दल अर्धा तास बोललीस आणि फोन ठेवताना हळूच म्हणालीस, 'ताई, गोधडीपण राहिली गं.' मला तेव्हाच कळलं, रडू कशाचं येतंय ते. रायफल बाजारात दुसरी मिळेल. पण त्या गोधडीची तिकडच्या माणसाला काय किंमत? मऊ पडलेली, ठिगळांची, जुन्या लुगड्यांची. खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर घालायला याहून चांगलं काय, असंच त्याला वाटणार. म्हणून स्पष्ट लिही की हा आमच्या आजीने हाताने शिवलेला क्विल्ट आहे आणि आम्हाला सगळ्यांत आधी तोच हवाय. तिकडच्या आज्याही उरल्यासुरल्या कापडांच्या गोधड्या शिवतात, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. धुऊ नका म्हणूनही सांग. गरम पाण्याच्या मशीनमधून बाहेर आली तर तिचा रंग जाईल आणि तू मला पुन्हा फोन करशील.

पाठवण्याचं काम त्याच्या गळ्यात घालू नकोस. तूच तिथून पोस्टाच्या साइटवर पैसे भरून लेबलं काढ. पण ती ईमेलने पाठवून गप्प बसू नकोस, त्याच्या घरी प्रिंटर असेल असं धरून चालू नये. लेबलं छापून, सोबत चिकटपट्टीचं रीळ ठेवून पाकिटाने पाठव. पोस्टाची ठरावीक भावाची खोकी फुकट मिळतात आणि देशात ७० पौंडांपर्यंत वजन चालतं, त्यामुळे बूट आणि जड सामान त्यात स्वस्त पडतं. गोधडी त्या खोक्यात मावणार नाही, तिला मोठं साधं खोकं. ट्रॅकिंग आणि सही घेऊन देण्याची सोय दोन्हींना घे. सुट्या बॅटऱ्या कशातच नकोत.

काही वस्तूंचा मोह मात्र सोड. अस्वलासाठी घेतलेला मिरचीचा फवारा विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खाली टाकायच्या बॅगेतही नाही. म्हणूनच तर तो मागे ठेवलात. स्टोव्हच्या गॅसच्या डब्यांचंही तेच. काडतुसं पोस्टाने पाठवायला मनाई आहे. हे सगळं गाइडला देऊन टाक आणि तसं लिहूनही टाक. त्याला पुढच्या मोसमात लागेलच, तुलाही देण्याचं समाधान.

आता रायफल. इथे मात्र शेवटपर्यंत नीट ऐक, आणि नवरोबांनाही स्पीकरवर घे.

आउटफिटर भला माणूस असेल तर म्हणेल, 'काळजी नको, खोक्यात घालून तुमच्या घरच्या पत्त्यावर पाठवून देतो.' नको म्हण. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार ज्याच्याकडे बंदूक विकायचा परवाना नाही अशा माणसाने दुसऱ्या राज्यातल्या तशाच बिनपरवाना माणसाला बंदूक पाठवायची नसते. रायफल तुमचीच आहे, मग तिला 'देणं' कसं म्हणायचं, असा वाद वकील खुशाल घालतील. तो वाद तुमच्या नावावर व्हायला नको. सरळ वाट अशी, की आउटफिटरने रायफल कोडीतल्या एखाद्या परवानाधारक बंदूक-दुकानात नेऊन द्यायची. सगळे अशा दुकानाला एफएफएल म्हणतात. ते दुकान ती तुमच्या गावातल्या एफएफएलला पाठवेल. तिथे नवरोबांनी जाऊन फॉर्म ४४७३ भरायचा, नावाची तपासणी होईल, मग रायफल हातात मिळेल. दोन्ही दुकानं थोडी फी घेतील, ती दे. आधी डॅलसमधलं दुकान ठरव, त्यांना सगळी हकिगत सांग आणि त्यांच्याकडूनच कोडीच्या दुकानाला फोन करव. दुकानदार आपापसांत ही कामं रोज करतात.

दुसरी वाट म्हणजे नवरोबांनी स्वतः जाऊन आणायची. विमानातून आणता येते. रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, काउंटरवर तोंडाने सांगून, खाली टाकायच्या सामानात. पण त्यासाठी पुन्हा सुट्टी आणि तिकीट. माझं ऐकशील तर दुकानाची वाट धर.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी ऑफिसातून निघून गाडीत बसून तुझ्याशी बोलतेय. नवरोबा एच-वन-बीवर आहेत, तू एच-फोरवर. १९९८ पासून असा कायदा आहे की तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायचं नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हे लागू नाही, तुम्हाला आहे. त्याला जे अपवाद आहेत त्यांतला तुमच्या कामाचा एकच, कुठल्याही राज्याचं चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. चालू असलेलं, हे नीट ऐकलंस ना? तुझ्या नवरोबांची रायफल आजवर कायदेशीर होती ती त्या कागदाच्या जोरावर. वायोमिंगचं एल्कचं लायसन्स त्या मोसमापुरतं होतं, त्याच्यावर विसंबू नका. टेक्सासचं वर्षाचं शिकारीचं लायसन्स दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं, मग कधीही काढलेलं असो. ते यंदा नवीन काढलंय का? नसेल तर दुकानात पाय ठेवायच्या आधी काढायचं. फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न असतो, तिथे खरं लिहायचं आणि दुकानदाराला लायसन्स दाखवायचं. आपल्या ओळखीत कुणीतरी सांगेल, 'अरे, तिथे नाहीवर खूण कर, कोण बघतंय?' त्या माणसाच्या घरी पुन्हा जेवायला जाऊ नका. फॉर्मवर खोटं लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा.

तुझ्यापुरतं सांगायचं तर ते ऑफिसात अडकले म्हणून तू जाऊन रायफल घेऊन आलीस, असं होता कामा नये. तुझ्याकडे लायसन्स नाही. तुझ्या हातात ती आली की गुन्हा तुझा. यात २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढतात ते निराळंच. घरी आल्यावरही ती कुलूपबंद पेटीत राहू दे आणि किल्ली त्यांच्याकडेच असू दे. तू किल्ली कुठे आहे हेही माहीत करून घेऊ नकोस. दरवर्षी गणपतीच्या खरेदीला निघालात की लायसन्स नव्याने काढलं का, ते विचारत जा, तारीख त्याच सुमाराला येते. मी वकील नाही, व्हिसाच्या वकिलाला एकदा फोन करा, पण तो यापेक्षा सैल काही सांगेल असं मला वाटत नाही.

बाकी शिंगांचं. गाइडने कवटी साफ करून ठेवतो म्हटलं होतं ना? मग ती साफ झाल्याशिवाय मागवू नकोस. हरणांच्या जातीत मेंदूचा एक रोग फिरतोय, १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा लक्षात आला, आता पुष्कळ राज्यांत आहे. म्हणून मेंदू आणि पाठीचा कणा असलेले भाग राज्याबाहेरून टेक्सासमध्ये आणायला बंदी आहे. हाडं काढलेलं मांस चालतं, साफ केलेली कवटी आणि शिंगं चालतात. खाटकाकडे ठेवलेल्या मांसाचं म्हणशील, तर बर्फात घालून विमानाने मागवायचा खर्च मांसापेक्षा जास्त होईल. रोगाची तपासणी झाली असेल आणि खाटकाने वेगळं ठेवलं असेल, तर तिथल्याच गरजूंना वाटायला सांग. एल्कचे ते दोन सुळे मात्र मागून घे, छोट्या पाकिटात मावतात आणि लवकर हरवतात. तिकडे त्यांना आयव्हरी म्हणतात. भारतात जाताना ते सोबत नेऊन मुंबईच्या कस्टमला हा शब्द ऐकवायची हौस धरू नका. ते सुळे अमेरिकेतच राहू देत. शिंगंही.

आईला अजून सांगितलं नाहीस ना? बरं केलंस. १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद झाली, त्यानंतर मोठ्या झालेल्या आपण. आई सामानाचं विचारणारच नाही, थेट एल्कपाशी जाईल. इकडे बंदुका-काडतुसांवरचा कर १९३७ पासून वन्यजीव सांभाळायला वापरतात, लायसन्सचे पैसेही त्यातच जातात, हे तिला सांगायला मी येईन. पण एका वेळी एकच भांडण.

आणि समजा, या सगळ्यावरही उत्तर आलं नाही, तर? तर घाई न करता एकेक पायरी चढायची. आधी फोन, मग यादीसकट ईमेल, मग दोन आठवड्यांनी पोहोचपावतीसह रजिस्टर पत्र. त्यात वस्तू, किंमत आणि अमुक तारखेपर्यंत परत हव्यात एवढंच, विशेषणं नकोत. फुकट सांभाळलेल्या वस्तूही मालकाने मागितल्या की परत द्याव्या लागतात. त्यानंतर शायेनच्या बोर्डाकडे तक्रार. त्याच्याही पुढे तिथल्या सर्किट कोर्टात ६,००० डॉलरपर्यंतचे छोटे दावे वकिलाशिवाय चालतात, पण तिथे तुम्हालाच जावं लागेल, म्हणून ते अगदी शेवटचं. 'वाईट रिव्ह्यू टाकेन' ही धमकी कुठल्याच पायरीवर नको. लहान गावातली माणसं त्याने ताठ होतात, आणि दुसऱ्या आउटफिटरलाही दुपारच्या आत कळतं.

रायफल मात्र या पायऱ्यांवर थांबवून ठेवायची नाही. 'आमच्याकडे आलीच नाही, कुठे आहे माहीत नाही' असं उत्तर आलं, तर त्याच दिवशी तिथल्या काउंटीच्या शेरीफकडे सिरियल नंबरसकट नोंद करा. कुणावर आळ घेऊ नका, हरवली एवढंच सांगा. ती रायफल उद्या कुठल्या भानगडीत सापडली तर नंबरावरून शोध विकत घेणाऱ्याच्या दारात येतो, म्हणजे तुमच्या. नंबर बिलावर असेल. बिल सापडत नसेल तर ज्या दुकानातून घेतली तिथे नोंद असते.

मला मनापासून वाटतं, हे सगळं लागणार नाही. उद्या सकाळी फोन लागेल, तो माणूस म्हणेल, हो, आहे की इथेच, मला वाटलं तुम्हीच सांगाल. जेवणं झाली की आज रात्रीच यादी कर आणि मला पाठव, इंग्रजी मी बघून देते. पोस्टाची लेबलं शनिवारी. पण त्याच्याही आधी, आत्ता, नवरोबांच्या टेक्सासच्या लायसन्सचा फोटो काढून पाठव. त्याच्यावरची तारीख मला माझ्या डोळ्यांनी बघायची आहे.